गुणोत्तर-प्रमाण, चाळीस दिवस: पोलीस भरतीच्या लेखीसाठी ठेवलेल्या नोंदी

२ जून

गेल्या भरतीत ग्राउंड (शारीरिक चाचणी) चांगलं गेलं आणि लेखीत दोन मार्कांनी राहिले. घरी येऊन पेपर परत सोडवला तेव्हा दिसलं की गुणोत्तराचे किंवा गुणोत्तराने सुटणारे (वय, नाणी, दूध-पाणी, भागीदारी) मिळून सहा प्रश्न होते आणि त्यातले चार माझे गेले होते. चारातले दोन तर मला येत होते, ते जास्त लागलं मनाला. म्हणून यावेळी हा एकच टॉपिक धरून चाळीस दिवस नोंदी ठेवतेय, वेळ-चुका-खर्च सगळं लिहिणार, कारण अभ्यासिकेत माझ्यासारख्या पाच-सहा जणी आहेत ज्यांचं गाडं इथंच अडतं.

पेपरचा हिशोब आधी. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. एका प्रश्नाला ५४ सेकंद आले. त्यात अंकगणितासोबत बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि जीके. निगेटिव्ह मार्किंग नाही. पास व्हायला ४० टक्के लागतात पण ४० वर कुणाचं नाव लागत नाही हे सगळ्यांना माहितीये, एका जागेमागे ग्राउंडमधून दहा जण लेखीला बसतात.

आज घड्याळ लावून फक्त गुणोत्तराचे ३० प्रश्न सोडवले. ४१ मिनिटं लागली, म्हणजे प्रश्नाला ८२ सेकंद. बरोबर १८. चुकलेले १२ नीट वेगळे केले: पाच ठिकाणी गणित बरोबर पण विचारलं एक आणि लिहिलं दुसरं, तीन ठिकाणी मांडणीच चुकली, दोन ठिकाणी भागाकार चुकला, दोन अंदाजपंचे ठोकले.

आजचा खर्च: प्रश्नपत्रिका संच २२० रुपये, झेरॉक्स ४०. अभ्यासिकेचे महिन्याचे ६०० वेगळे.

४ जून

पाच चुका फक्त वाचण्याच्या, म्हणून तिथूनच सुरुवात केली. उदाहरण लिहिते. "एका वर्गात मुले व मुली यांचे गुणोत्तर ७:५ आहे. वर्गात एकूण ६० विद्यार्थी असल्यास मुली किती?" १२ भाग, एका भागाला ५, आणि मी ३५ ला गोल केला. ३५ ही मुलांची संख्या. पर्यायात २५ पण होतं, ३५ पण होतं, आणि पेपर काढणारा हे मुद्दामच ठेवतो कारण घाईत पहिली संख्या पहिल्यांदा गुणली जाते आणि ती पर्यायात दिसली की हात थांबतो.

उपाय एकच केला. गुणोत्तर दिसलं की आकड्यांच्या डोक्यावर अक्षरं लिहायची, ७ वर "मु", ५ वर "ली", आणि जे विचारलंय त्या अक्षराला गोल. चार सेकंद जातात. आज ३० परत सोडवले त्यात या प्रकारची चूक एकच झाली, ती पण अशा ठिकाणी जिथं मी अक्षर लिहायचा कंटाळा केला होता. "किती जास्त", "किती कमी" असं विचारलं असेल तर गोल दोन अक्षरांमध्ये करते, म्हणजे फरक काढायचाय हे डोळ्यासमोर राहतं.

युनिटची पण एक चूक सापडली. ७५० ग्रॅम आणि २ किलो यांचं गुणोत्तर. मी ३७५:१ लिहिलं. ७५०:२००० म्हणजे ३:८.

७ जून

आज अभ्यास कमी झाला, पण जे झालं ते मला महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहिते.

मला शाळेपासून सवय आहे, गुणोत्तर आलं की "५क्ष आणि ८क्ष मानू". मग समीकरण, मग एका बाजूला क्ष, मग भागाकार, मग परत ५ ने गुणा. बरोबर येतं, पण एवढं सगळं लिहायला ५४ सेकंद पुरत नाहीत. क्लासच्या व्हिडिओत सांगतात "भाग पद्धतीने करा" पण मला ती ट्रिक वाटायची आणि ट्रिकवर माझा विश्वास बसत नाही.

शेजारच्या काकांच्या घराचा गिलावा चालू आहे. दुपारी चहा द्यायला गेले तेव्हा गवंडी मामा माल कालवून घेत होते. "एकास चार" असं ते मदतनीसाला सांगत होते, एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. मी विचारलं मामा पोतंभर सिमेंट घेतलं तर वाळू किती, ते म्हणाले पोत्यात जेवढी घमेली बसतील तेवढ्याच्या चौपट, त्यात काय. त्यांच्यासाठी घमेलं हाच भाग. घमेलं लहान असो मोठं असो, मोजायचं घमेल्यानेच, शेवटी किलो काढायचे असतील तर एका घमेल्यात किती बसतं तेवढं बघायचं. मी ज्याला क्ष म्हणत होते ते हेच होतं की.

मग अजून एक झालं. मदतनीसाने बोलता बोलता वाळूची दोन घमेली जास्त टाकली. मी म्हटलं आता? मामा म्हणाले, "आता काय, पडलेली वाळू निघत न्हाई बाई, त्या वाळूच्या हिशोबानं सिमेंट वाढवायचं." चार ऐवजी सहा घमेली पडली, म्हणून दीड घमेलं सिमेंट. वाळू बदलणार नाही म्हणून तिच्यावरून सिमेंट ठरवलं. (नंतर लिहिलं: हे मी त्या दिवशी नुसतं ऐकलं, त्याचा उपयोग पुढे २५ तारखेला झाला.)

९ जून

भागाने सोडवायला सुरुवात. "दोन संख्यांचे गुणोत्तर ५:८, फरक ४८, तर बेरीज किती?" फरक ३ भाग, ३ भाग म्हणजे ४८, एक भाग १६, बेरीज १३ भाग, २०८. क्ष लिहायचाच नाही. कच्च्या कामाच्या जागेत फक्त "३ = ४८, १ = १६" एवढं.

त्याच प्रश्नात एक गोष्ट दिसली. पर्याय होते १९६, २०८, २१८, २४०. बेरीज १३ भागांची, म्हणजे उत्तराला १३ ने भाग जायला हवा, आणि चारातला फक्त २०८ जातो. गणित न करता उत्तर! लई आनंद झाला. (नंतर लिहिलं: याचा पुढे तोटा पण झाला, तो १४ तारखेला लिहिलाय.)

११ जून

साखळीचे प्रश्न. अ:ब = २:३, ब:क = ४:५, तर अ:ब:क. मी आधी २:३:५ लिहून मोकळी झाले होते. ब दोन्हीकडे आहे पण एकीकडे ३ भाग आणि एकीकडे ४ भाग, म्हणजे दोन्हीकडची घमेली वेगवेगळ्या मापाची आहेत. ब दोन्हीकडे १२ केला: ८:१२ आणि १२:१५. उत्तर ८:१२:१५. मग ७०० रुपये वाटायचे असतील तर ३५ भाग, एक भाग २०, ब ला २४०.

उभा-तिरपा गुणाकार करायचा शॉर्टकट पण आहे, तो मी पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी विसरले, त्यामुळे सोडून दिला. मधला समान करायचा, एवढंच लक्षात ठेवलं. चार पदांची साखळी आली तरी तेच दोनदा.

१४ जून

आज ३० प्रश्नांची टेस्ट. वेळ १९ मिनिटं! प्रश्नाला ३८ सेकंद. आणि बरोबर २०. म्हणजे वेळ निम्म्याहून खाली आणि मार्क फक्त दोन वाढले. चुकलेल्या दहापैकी सहा ठिकाणी मी गणित केलंच नव्हतं, नुसता भाग जातो का बघून गोल केला होता.

सगळ्यात जिव्हारी लागलेला प्रश्न: "५० लिटर मिश्रणात दूध व पाणी ३:१, तर दूध किती?" पर्याय ३६, ३७.५, ३८.५, ४०. मी म्हटलं दूध ३ भाग, ३ ने भाग जाणारा फक्त ३६, झालं. चार भाग म्हणजे ५० लिटर, एक भाग १२.५, दूध ३७.५. लिटरला अपूर्णांक चालतो! माणसं, नाणी, पेनं अर्धी होत नाहीत, पण दूध, पैसे, वजन, अंतर यांना कसलाच अडसर नाही. हे माहिती असून मी मार्क घालवला.

दुसरी चूक: दोन संख्या ३:५, दोन्हीत १० मिळवले की ५:७, लहान संख्या कोणती. पर्याय १५, १८, २१, २४. चारही ३ ने जातात! पेपर काढणाऱ्याला ही ट्रिक माहिती असते. इथं मी १८ ठोकलं.

१६ जून

दोन दिवस फक्त हेच निस्तरलं. आता माझा नियम असा: मोजता येणाऱ्या आख्ख्या वस्तू असतील तरच भाग जातो का बघायचं, आणि त्यातून एकच पर्याय उरला तरच गोल करायचा. दोन उरले तर त्यातला एक प्रश्नात घालून बघायचा. तिन्ही-चारही उरले तर ट्रिक सोडून सरळ भागाने.

आजची टेस्ट: २९ मिनिटं, २२ बरोबर. प्रश्नाला ५८ सेकंद. वेळ वाढला, पण यातले दोनच अंदाजाचे होते, बाकीचे मला माहिती होतं की बरोबर आहेत.

शेजारच्या टेबलावर एक ताई एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करतात. त्यांचा पेपर १०० प्रश्न ६० मिनिटांत आणि एका चुकीला पाव मार्क कापतात. त्या म्हणाल्या आम्हाला असं ठोकून चालतच नाही. आमच्या पेपरला शेवटच्या मिनिटात ठोकता येतं, पण मी ते पहिल्या मिनिटापासून करत होते.

१९ जून

नाणी. "एका पिशवीत १, २ व ५ रुपयांची नाणी ३:४:५ या प्रमाणात आहेत. एकूण रक्कम ४३२ रुपये, तर ५ रुपयांची नाणी किती?" मी: ३+४+५ = १२, ४३२ ला १२ ने भागलं, ३६, पाच पट १८०. पर्यायात १८० होतंच.

आता १८० नाणी पाच-पाच रुपयांची म्हणजे ९०० रुपये झाले, पिशवीतच ४३२ आहेत. एवढं बघितलं असतं तर चूक तिथंच कळली असती. गुणोत्तर नाण्यांचं आहे आणि ४३२ हे रुपये आहेत, दोन्ही वेगळ्या वस्तू. आईच्या डब्यातली चिल्लर काढून प्रत्यक्ष मांडलं: ३ नाणी एकची, ४ नाणी दोनची, ५ नाणी पाचची, असा एक ढीग. ढिगात ३ + ८ + २५ = ३६ रुपये. ४३२ मध्ये असे १२ ढीग. पाचची नाणी ६०. ढीग डोळ्यांनी बघितल्यापासून हा प्रकार परत चुकला नाही. "एका ढिगात किती रुपये" हे विचारायचं, तिकिटांचे, नोटांचे, पेन-पेन्सिलचे सगळे प्रश्न यातच येतात.

२१ जून

काही झालं नाही. पाऊस, एसटी दीड तास उशिरा, अभ्यासिकेत लाईट नाही, ग्राउंडवर चिखल म्हणून डांबरी रस्त्यावर पळाले आणि नडगी धरली. हाफ तिकीट असलं तरी जाऊन-येऊन रोजचे ३० रुपये जातात, ते पण वाया.

२३ जून

वयं. इथं माझे दोन दिवस गेले.

सोपा प्रकार आधी. आज वडील:मुलगा ७:२, दहा वर्षांनी ९:४. दोघांचंही वय दहाने वाढलं म्हणून दोघांतला फरक तोच राहिला. ७−२ = ५ भाग, ९−४ = ५ भाग, फरक जुळला म्हणजे भाग एकाच मापाचा. ७ चे ९ झाले, २ भाग म्हणजे १० वर्षं, एक भाग ५. वडील ३५, मुलगा १०. पंधरा सेकंद.

मग हा आला: आज ४:१, वीस वर्षांनी २:१. मी म्हटलं ४ चे २ झाले, म्हणजे वडिलांचं वय कमी झालं? इथं अडकले आणि परत क्षवर गेले, ४क्ष+२० छेद क्ष+२०, दोन मिनिटं. रात्री कळलं की पहिल्याचा फरक ३ भाग आणि दुसऱ्याचा १ भाग आहे, पण खरा फरक तर बदललेला नाही, मग दुसऱ्याचे भाग तिपटीने मोठे आहेत. दुसऱ्याला ३ ने गुणलं, ६:३. आता ४ चे ६, २ भाग म्हणजे २० वर्षं, एक भाग १०. वडील ४०, मुलगा १०, वीस वर्षांनी ६० आणि ३०. बरोबर.

११ तारखेच्या साखळीत ब समान केला होता, इथं फरक समान केला. काम तेच.

२५ जून

दूध-पाणी. आमच्याकडं डेअरीला दूध जातं त्यामुळे हे प्रश्न वाचले की मला तसंही बरं वाटत नाही, पण पेपरला असतातच.

"४० लिटर मिश्रणात दूध:पाणी ३:१. किती पाणी मिसळल्यास ३:२ होईल?" मी ४० चे पाच भाग केले, २४ आणि १६, आधी पाणी १० होतं म्हणून ६ मिसळायचं. पर्यायात ६ होतं. आणि मग वही मिटायच्या आधी मला गवंडी मामांची वाळू आठवली. आधी दूध ३० लिटर होतं आणि माझ्या उत्तरात ते २४ झालं. पाणी ओतल्यावर सहा लिटर दूध गेलं कुठं?

दूध हलत नाही. दूध ३० आहे आणि ३० च राहणार, ते ३ भाग, म्हणजे भाग १० चा, पाणी २ भाग म्हणजे २०, आधी १० होतं, अजून १० ओतायचं. एकूण ५० झालं. माझी चूक ही की मी एकूण ४० पक्कं धरलं, आणि नेमकं एकूणच बदलत होतं.

या दिवसापासून वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहिते: काय हलत नाही?

२७ जून

तोच प्रश्न धरून जुने सगळे चुकलेले प्रश्न परत बघितले आणि वेगवेगळे वाटणारे बरेचसे एकाच घरातले निघाले.

उत्पन्न आणि खर्च: दोघांचं उत्पन्न ५:४, खर्च ३:२, प्रत्येकजण १६०० वाचवतो. मी याला दोन समीकरणांचा प्रश्न समजून नेहमी सोडून द्यायचे. पण बचत दोघांची सारखी असेल तर उत्पन्नातला फरक आणि खर्चातला फरक एकच असणार. ५−४ = १, ३−२ = १, भाग जुळलेलेच आहेत. पहिल्याचे ५ भाग आले ३ गेले, २ भाग उरले म्हणजे १६००, एक भाग ८००, उत्पन्न ४००० आणि ३२००. हा वयाचाच प्रश्न आहे, २० वर्षांऐवजी १६०० रुपये आणि वाढण्याऐवजी कमी होणं. १४ तारखेचा ३:५ आणि ५:७ वाला पण तोच होता, २ भाग म्हणजे १०, एक भाग ५, लहान संख्या १५.

आणि एक तिसरा प्रकार, एकाने दुसऱ्याला देणं. दोघांकडच्या गोट्या ५:३, पहिल्याने ६ दिल्यावर सारख्या. इथं फरक पण बदलतो, दोघांचेही आकडे बदलतात, पण एकूण गोट्या तेवढ्याच. ८ भाग आणि २ भाग, दुसऱ्याला ४ ने गुणा, ४:४. ५ चे ४ झाले, एक भाग ६, आधी ३० आणि १८.

आज अभ्यासिकेत चार जणींना हे फळ्यावर करून दाखवलं. एकीने विचारलं की कोणता प्रकार हे ओळखायचं कसं. मी सांगितलं, दोघांत सारखंच वाढतंय किंवा कमी होतंय तर फरक, एकातच काही पडतंय तर दुसरा, आपापसात देणं-घेणं तर एकूण. सांगता सांगता मलाच जास्त पक्कं झालं.

३० जून

उलटे प्रश्न. "३अ = ४ब = ६क, तर अ:ब:क?" मी ३:४:६ ला गोल केला. आता, अ तीनदा घेतला की जेवढं होतं तेवढं व्हायला ब चारदा घ्यावा लागतो, म्हणजे अ मोठा असणार. ३:४:६ मध्ये अ सगळ्यात लहान आहे, तिथंच तो पर्याय कटतो. तिघांचा लसावि १२, अ = ४, ब = ३, क = २. तसंच १/२ : १/३ : १/४ म्हणजे ६:४:३, यालाही पर्यायात २:३:४ ठेवलेलं असतं.

भागीदारी: एकाने १२,००० घालून धंदा सुरू केला, चार महिन्यांनी दुसरा १८,००० घेऊन आला, वर्षाच्या शेवटी ९,००० नफा. मी घाईत दुसऱ्याचे महिने ४ धरले. तो चार महिन्यांनंतर आला, पैसे राहिले आठ महिने. १२×१२ आणि १८×८, दोन्ही १४४, नफा निम्मा-निम्मा, ४,५०० प्रत्येकी. आता "नंतर" शब्दाखाली रेघ मारून लगेच १२ मधून वजा करून ठेवते.

३ जुलै

वेग आणि वेळ. दोन गाड्यांच्या वेगाचं गुणोत्तर ३:४, तेच अंतर, पहिलीला २० मिनिटं जास्त लागतात. अंतर हलत नाही, म्हणून वेळ उलटा, ४:३. एक भाग २०, पहिलीला ८० मिनिटं. ८०० मीटरला रोज हेच बघते, जी जोरात पळते तिचं घड्याळ कमी दाखवतं, त्यामुळे इथं मला अडचण आली नाही. १२ माणसं १५ दिवस तर ९ माणसं किती, तिथं मात्र एकदा सरळ प्रमाण लावून ११.२५ काढलं. माणसं कमी झाल्यावर दिवस वाढणार, २०. काम तेवढंच आहे.

५ जुलै

पूर्ण पेपर, ओएमआरसकट (उत्तरांचे गोल पेनाने रंगवायची शीट). झेरॉक्सवाल्याकडून ओएमआर शीट २ रुपयाला एक, दहा घेतल्या.

मोठी चूक झाली आणि ती गणिताची नाही. ३७ वा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला आणि ३८ चं उत्तर ३७ च्या गोलात भरलं. ५२ ला लक्षात आलं. पेनाने रंगवलेलं खोडता येत नाही. घरी तपासलं तर या एका सरकण्याने ११ मार्क गेले. आतापर्यंत मी गुणोत्तराचे जेवढे मार्क वाचवले त्याच्यापेक्षा हे जास्त आहेत, आणि खऱ्या पेपरात झालं असतं तर अजून एक वर्ष गेलं असतं.

आता प्रश्न सोडला की पुस्तिकेत त्याच्या नंबरला चौकोन, आणि ओएमआरवर दर दहाव्या प्रश्नाला नंबर बोटाने टेकवून बघायचा. उद्यापासून ३० प्रश्नांची टेस्ट पण ओएमआरवरच द्यायची.

८ जुलै

भागाकाराच्या चुका अजून निघतात. त्या सगळ्या १३, १७, १९ च्या पाढ्यात आहेत. ७+६ = १३ भाग, ९+८ = १७, १०+९ = १९, गुणोत्तरात हेच भाग सारखे येतात आणि माझे पाढे १२ पर्यंतच पक्के. सकाळी पळताना वॉर्मअपला एक पाढा, परतताना दुसरा. आई म्हणाली चौथीत केले असतेस तर. खरं आहे.

११ जुलै

शेवटची टेस्ट, नवीन ३० प्रश्न, ओएमआरवर. २२ मिनिटं, प्रश्नाला ४४ सेकंद. बरोबर २७. सुरुवातीला ४१ मिनिटं आणि १८ होते. अंदाजाने एकच भरला, तो चुकला.

बाकीचे दोन. एक १७ च्या भागाकारात. दुसरा हा: "४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढंच पाणी टाकलं, असं एकूण तीन वेळा केलं, तर दूध किती उरलं?" मी ४×३ = १२ वजा करून २८ लिहिलं. पण दुसऱ्या वेळी जे ४ लिटर काढले त्यात आधीचं पाणी पण होतं, म्हणजे दूध पूर्ण ४ लिटर गेलंच नाही. दर वेळी जेवढं दूध असेल त्याचा दहावा भाग जातो आणि नऊ-दशांश राहतो. ४० चे ३६, ३६ चे ३२.४, ३२.४ चे २९.१६. इथं दूध हलतं, पाणी हलतं, एकूण ४० राहतं पण त्याने उत्तर निघत नाही, दर वेळचा नऊ-दशांश तेवढा तोच राहतो. हे कळायला मला आज पाऊण तास गेला आणि असे अजून वीस प्रश्न करायचेत, ते उद्यापासून.

चाळीस दिवसांचा खर्च: अभ्यासिका दोन महिन्यांचे १,२००, संच २२०, झेरॉक्स आणि ओएमआर मिळून १५०, एसटी वेगळी. चुकांची वही अभ्यासिकेत खिडकीजवळच्या कपाटात ठेवलीये, ज्यांना हवी त्यांनी तिथंच बसून बघा, घरी नेऊ नका, मला रोज लागते.